फटफटीची पडशी

मोटारसायकलीला आपल्या लोकांनी 'फटफटी' हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. यंत्राला नाव मिळते ते बहुधा त्याच्या कामावरून, क्वचित ते घडविणाऱ्याच्या नावावरून. या वाहनाचे बारसे मात्र ज्याने ते प्रथम ऐकले त्याच्या कानाने केले, आणि ते नाव टिकले. त्या नावात एक सत्य नकळत सांगितले गेले आहे. हे वाहन नुसते धावत नाही. धावताना ते अखंड थरथरत असते. त्याच्यावर लादलेल्या सामानाचा सगळा प्रश्न या थरथरण्यापासूनच सुरू होतो.

श्रोतेहो, दर वर्षी हिमालयातल्या खिंडींवरचे बर्फ बाजूला सारून रस्ते मोकळे झाले, की पुणे, मुंबई, नागपूर, इंदूर, बडोदे अशा गावांतली तरुण मंडळी मोटारसायकली घेऊन मनालीहून लेहच्या दिशेने निघतात. सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा रस्ता. वाटेत बारालाचा ही सुमारे ४,८९० मीटर उंचीची खिंड, पुढे गाटा येथली एकवीस वळणे, आणि शेवटी ५,३०० मीटरांहूनही उंच असलेली तांगलांग खिंड. मधल्या मुक्कामांतून दुकान सापडले तर सापडले. म्हणून गरम कपडे, औषधे, हत्यारे, जादा ट्यूब, कधी पेट्रोलचा डबासुद्धा बरोबर घ्यावा लागतो. हे सारे बसते आसनाच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या पिशव्यांत. सकाळी निघताना त्या अशा आवळलेल्या असतात, की बांधणाऱ्याच्या बोटांवर वळ उठावेत. आणि दुपारी पाहावे तो एक पिशवी खाली झुकलेली, दुसरी मागे सरकलेली, आणि पट्ट्याचे एक टोक चाकाजवळ वाऱ्यावर फडफडत आहे! गाठ सुटलेली नसते, पट्टा तुटलेला नसतो. मग हे झाले कसे?

मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथे १९५५ सालापासून जी बुलेट मोटारसायकल तयार होऊ लागली, तिचे उदाहरण घेऊ. तिचे इंजिन एका सिलिंडरचे. त्यातला दट्ट्या वरखाली होतो, आणि त्याच्या प्रत्येक खेपेबरोबर साऱ्या सांगाड्याला एक हिसका बसतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर असे हिसके सेकंदाला पन्नास बसतात. तासाला होतात १,८०,०००. आठ तासांच्या प्रवासात चौदा लाखांच्या वर. गेल्या काही वर्षांत निघालेल्या नव्या इंजिनांत हे हिसके शमविणारा एक तोलदंड बसविलेला असतो, त्यामुळे थरथर पुष्कळच मंदावली आहे. पण रस्ता आपल्या परीने जे धक्के देतो, त्यांना कोणत्याच कारखान्यात औषध नाही.

आता पट्टा पिशवीला धरून ठेवतो म्हणजे काय करतो? तो तिला आसनावर दाबतो, आणि त्या दाबामुळे जे घर्षण निर्माण होते त्याच्या बळावर पिशवी जागच्या जागी राहते. प्रत्येक हिसक्याबरोबर हा दाब क्षणभर कमी होतो. त्या क्षणात पिशवी केसभर सरकते. आणि वजनाचा ओढा खालच्या बाजूलाच असल्यामुळे जी सरकते ती परत येत नाही. चौदा लाख वेळा केसभर, म्हणजे किती ते ज्याचे त्याने ताडावे.

याला जोड मिळते ती पिशवीच्या पोटातल्या कारभाराची. कपडे, सतरंजी, बिस्किटांचे पुडे हे सर्व धक्क्यांनी दबते व खाली बसते. पायलीभर धान्य मापताना माप हलविले की त्यात आणखी मूठभर मावते, तोच हा न्याय. म्हणजे पट्टा सैल झाला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा पट्टा आहे तेवढाच असतो. पिशवी लहान झालेली असते. म्हणूनच जाणते लोक निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरांवर पहिल्यांदा थांबतात आणि सगळे पट्टे पुन्हा आवळतात. चहासाठी थांबायला माणूस सबब शोधतो. येथे ती आयतीच मिळते. उंच प्रदेशात याला आणखी एक फाटा फुटतो. तोंड गुंडाळून बंद केलेल्या जलाभेद्य पिशवीत हवा कोंडली गेली असेल, तर मनालीत भरलेली ती हवा तांगलांगच्या माथ्यावर जवळजवळ दीडपट जागा मागते. पिशवी टम्म फुगते, पट्टे ताणले जातात. आणि उतारावर पुन्हा ती चेपली की तेच पट्टे ढिले पडतात. तेव्हा तोंड बंद करण्यापूर्वी पिशवीवर गुडघा रोवून आतली हवा काढून टाकणे, हा साधा उपाय विसरू नये.

पाठीवर ओझे बांधण्याची विद्या आपल्याला नवी नाही. फटफटीच्या पिशवीला कोणी इंग्रजी नावाने ओळखो, मराठीत तिला 'पडशी' म्हणावे असे मला वाटते. मध्ये तोंड, दोन्ही टोकांना पोट, आणि मधला भाग खांद्यावर अथवा घोड्याच्या पाठीवर टाकलेला, अशी ती जुनी पडशी. आजची आसनावरून टाकायची जोडपिशवी हिचीच नात आहे. परंतु घोडेस्वार नुसती पडशी टाकून दौडत नसे. त्याच्या खोगिराला तंग असे, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा. छातीवरून जाणारा पेशबंद असे, तो खोगिराला मागे घसरू देत नसे. आणि शेपटीखालून जाणारी दुमची असे, ती त्याला पुढे मानेवर येऊ देत नसे. एका ओझ्याला तीन दिशांनी तीन बंधने. यांपैकी एकाने दुसऱ्याचे काम करावे अशी अपेक्षा कोणी करीत नसे.

आपली चूक होते ती येथेच. दुकानातून आणलेल्या पडशीला आसनावरून जाणारे दोन रुंद पट्टे असतात. ते पिशव्यांचे वजन पेलतात, पण त्यापलीकडे काही करीत नाहीत. करकचून ब्रेक दाबला असता दहा किलोची पिशवी सहा-सात किलोच्या जोराने पुढे झेपावते. तिला मागून धरणारी दुमची कोठे आहे? ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाताना वारा तिच्या पुढच्या अंगावर अदमासे तीन किलोचा रेटा देतो, आणि वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट होतो. तिला पुढून धरणारा पेशबंद कोठे आहे? खड्ड्यातून उसळताना ती वर उडते व आपटते. तिला खाली खेचून धरणारा तंग कोठे आहे? म्हणून प्रत्येक पिशवीच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यातून एक पट्टा मागच्या सहप्रवाशाच्या पायदांडीच्या कण्याला, आणि मागच्या खालच्या कोपऱ्यातून दुसरा पट्टा मागच्या सांगाड्याला, असे बांधले पाहिजे. हे दोन्ही पट्टे तिरपे व खालच्या दिशेने ओढणारे असावेत. पुढचा पुढे ओढील, मागचा मागे, आणि दोघे मिळून खाली. एवढे केले की वरच्या पट्ट्यांना फक्त वजन पेलायचे उरते, आणि ते काम ते वर्षानुवर्षे करतात. वळणदर्शक दिव्याच्या दांडीला किंवा चिखलपत्र्याच्या कडेला मात्र पट्टा कधीही अडकवू नये. दिवा उपटून येतो, आणि पत्र्याची धार पट्ट्याला करवतीसारखी कापते.

पट्टा कशाचा असावा हाही विचाराचा विषय आहे. सुती दोर भिजला की धागे फुगतात व दोर आखडतो. वाळला की पुन्हा लांबतो, आणि रात्री घट्ट वाटलेली बांधणी सकाळी लोंबू लागते. चामड्याची वादी दिसायला देखणी, पण ओली झाली की ताणली जाते. १९३८ साली जगासमोर आलेले नायलॉन बळकट खरे, मात्र ते पाणी शोषते व ओले असताना अधिक ताण खाते. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधलेले पॉलिएस्टर या बाबतीत उजवे ठरते. ते पाणी जवळजवळ पीतच नाही. लेहच्या रस्त्यावर वितळलेल्या बर्फाचे नाले आडवे येतात, ऊन चढेल तसे ते वाढतात, आणि दुपारनंतर गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागते. अशा ठिकाणी हा फरक पुस्तकी राहत नाही.

बांधताना मात्र सर्व भार गाठीवर टाकू नये. कोळी लोक होडीचा दोर धक्क्यावरच्या खुंटाला आधी वेढे देऊन मगच अडकवतात. त्यामागे मोठे गणित आहे, आणि अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने ते मांडून दाखविले. दोर आणि दांडी यांचे घर्षण मध्यम प्रतीचे धरले, तरी एका पूर्ण वेढ्याने दुसऱ्या टोकावरचा ओढा सुमारे साडेसहापट कमी होतो. दोन वेढ्यांनी त्रेचाळीसपट. म्हणजे दांडीला दोन वेढे दिले, तर ज्या गाठीला त्रेचाळीस किलो पेलावे लागले असते तिला एकच पेलावा लागेल. एवढ्याशा ओढ्याला सुरगाठ पुरते. निरगाठीचा मोह पुष्कळांना होतो, पण बोटे गारठून गेलेली असताना खिंडीवर निरगाठ सोडविण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, तो पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. दातेरी बकलांचे पट्टे मिळतात ते उत्तमच. फक्त बकलातून बाहेर राहिलेले शेपूट मोकळे सोडू नये.

रबरी दोऱ्यांविषयी मात्र माझे मत काहीसे कठोर आहे. दोन्ही टोकांना आकडे असलेली ही रंगीबेरंगी दोरी आपल्या देशात प्रत्येक दुचाकीवर दिसते. ती ताणून अडकवली की माणसाला वाटते, काम पक्के झाले. वस्तुतः पट्ट्याचे काम न ताणण्याचे, आणि रबराचा तर ताणणे हाच धर्म. धक्का बसला की पिशवी उसळते आणि रबर तिला वाट करून देते. ती परत येते, पुन्हा उसळते, आणि थोड्याच वेळात ती पिशवी न राहता झोपाळा होते. उन्हाने व हवेने रबराला चिरा पडतात, त्या वरच्या सुती आवरणाखाली दिसत नाहीत. शिवाय अडकवताना आकडा निसटला तर तो सरळ तोंडावर येतो. त्याने डोळ्यांना झालेल्या गंभीर इजांची वर्णने नेत्रवैद्यांच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेली आहेत. आसनावरच्या गाठोड्याच्या वर पावसाळी कोट दाबून ठेवायला रबरी जाळी सोयीची आहे. त्यापेक्षा मोठी जबाबदारी तिच्यावर टाकू नये.

सुटलेल्या पट्ट्याचे पुढे काय होते, हे आता स्पष्ट सांगितले पाहिजे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाताना मागचे चाक सेकंदाला सुमारे आठ फेरे घेते. पट्ट्याचे दोन मीटर लांब शेपूट आऱ्यांत शिरले, तर तुंब्याभोवती चार वेढ्यांत ते संपते, म्हणजे अर्ध्या सेकंदात. त्यानंतर चाक पिशवीला ओढू लागते. पिशवी आऱ्यांत आणि सांगाड्यात अडकते, चाक जागच्या जागी थांबते, आणि गाडी घसरत जाते. अर्ध्या सेकंदात माणसाला धोका कळतसुद्धा नाही. साखळी व दातेरी चक्र यांची बाजू तर याहून लोभी. सामान हरवण्याची भीती आपण बाळगतो. हरवलेली पिशवी परत घेता येते. पडलेली पिशवी मागून येणाऱ्या वाहनापुढे गेली तर जो अनर्थ ओढवतो, त्याचा भोग तर आपल्याला नव्हे, दुसऱ्यालाच भोगावा लागतो.

या बाबतीत भारतीय गाड्यांवर एक सोय आहे, तिचे महत्त्व आपल्याला फारसे वाटत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक ठरविले आहे, ते मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात जाऊ नये म्हणून. साडीसाठी आलेली ही जाळी डाव्या अंगाच्या पडशीलाही टेकू देते. गाडी ऐटबाज दिसावी म्हणून काही तरुण पहिल्याच आठवड्यात ही जाळी काढून टाकतात, आणि मग तिच्याच जागी पिशवी टेकवायला दुकानातून दांड्या विकत आणतात! दुसऱ्या अंगाला बहुधा सायलेन्सर असतो. जुन्या जावा-येझ्दी गाड्यांना तर तो दोन्ही अंगांना होता. येथे शत्रू वेगळा. नायलॉन, पॉलिएस्टर आणि पिशव्यांच्या अस्तराला वापरतात ती इतर प्लास्टिके, ही सर्व उष्णतेने मऊ होतात, मग वितळतात. पॉलिप्रॉपिलीन तर १६५ अंशांच्या आसपासच हात टेकते. उभ्या गाडीवर अंतर पुरेसे वाटते. पण पिशवी भरल्यावर, माणूस बसल्यावर आणि मागचे स्प्रिंग दबल्यावर ते किती उरते, ते पाहिले पाहिजे. निदान चार बोटे मोकळी जागा उरावी.

ज्यांना हा सारा व्याप नको असतो ते लोखंडी सांगाडा बसवून घेतात. याला 'सॅडल स्टे' म्हणतात, आणि मागे-वर दोन्हीकडे पसरलेल्या मोठ्या सांगाड्याला 'लडाख कॅरिअर' हे नाव आता रूढ झाले आहे. याने पिशवी चाकापासून व सायलेन्सरपासून दूर राहते; निम्मी चिंता सरते. उरलेली निम्मी मात्र पट्ट्यांवरून उतरून बोल्टांवर जाऊन बसते. आवळलेला बोल्ट थरथरीने का सुटतो, याचा उलगडा गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी केला. बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा, जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकले की तो भराभर उलगडतो, असे त्याला दिसून आले. ज्या कापलेल्या स्प्रिंग-वॉशरवर आपले कारागीर डोळे मिटून भरवसा ठेवतात, तो या परीक्षेत फारसा उतरत नाही. बोल्ट पुरेसा आवळलेला असणे, म्हणजे आडवे सरकणेच बंद होणे, हा पहिला उपाय. आत नायलॉनचे कडे असलेला नट हा दुसरा. आणि तिसरा, मळसूत्रावर लावायचा तो द्रव, जो हवा तुटताच घट्ट होतो. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन क्रीबल यांनी तो १९५० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केला. त्याच्या अनेक जाती आहेत. पुन्हा सोडता येईल अशी मध्यम जातच येथे घ्यावी. काही जाणते मिस्त्री नट आवळल्यावर नट व सांगाडा यांवरून मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला. पान्याला हातही न लावता, वाकून एक नजर टाकली की भागते.

भरण्याच्या बाबतीत नियम थोडा आणि सोपा: जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला, हलक्या वर, आणि दोन्ही पिशव्या हाताने उचलून पाहता सारख्या लागाव्यात. अर्धी भरलेली पिशवी पूर्ण भरलेलीपेक्षा अधिक त्रास देते, कारण तिच्यात वस्तूंना पळायला मोकळे रान असते. पेट्रोलचा अर्धवट भरलेला डबा तर फारच खट्याळ. वळणावर आतला द्रव एका बाजूला धावतो आणि गाडीला ढकलतो. डबा भरला तर जवळजवळ भरलेला असावा, वाफेला थोडी जागा ठेवून. आणि सायलेन्सरच्या बाजूला मात्र तो कधीच नसावा. मागच्या आसनावर पेटी ठेवणाऱ्यांसाठी २०२० साली केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली, आणि अशी पेटी सहप्रवाशाच्या जागी असेल तर दुसरे माणूस बसवू नये असे ठरविले. तिघांना घेऊन वर ट्रंक बांधणारे वीर आपल्याकडे आहेत, ते सोडून देऊ.

ही विद्या शिकण्यासाठी लडाखला जाण्याची गरज नाही. पहाटे कोणत्याही तालुक्याच्या गावाच्या वेशीवर उभे राहावे. दूधवाल्यांच्या गाड्या येताना दिसतील. दोन्ही अंगांना दोन-दोन मोठ्या किटल्या, शेतातून आलेली खडकाळ वाट, आणि थेंबही सांडलेला नसतो. जरा निरखून पाहिले तर लोखंडी चौकटीला वळवलेले जाड आकडे दिसतात, ते असे वाकविलेले की किटली उसळली तरी कडी बाहेर पडू नये. आणि किटली व चौकट यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा एक तुकडा दाबून बसविलेला असतो. तेथे रबर बांधायला वापरलेले नाही, घासणे थांबवायला वापरले आहे. रबराचा इतका अचूक उपयोग मोठमोठ्या दुकानांतल्या मालातही क्वचितच दिसतो.

चालताना काही बिघडले तर ते कळते कसे? गाडी एका अंगाला ओढू लागते. सरळ रस्त्यावर हँडल जड लागते. आरशात एरवी न दिसणारा पिशवीचा कोपरा दिसू लागतो. मागून येणारा कोणी हात करतो. आपल्या रस्त्यांवर हात करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची आपल्याला सवय झाली आहे. सामान लादलेले असताना ती सोडावी. हात मागे नेऊन पिशवी चाचपू नये. इंजिनाचा वेग हळूहळू उतरवावा, हँडल सरळ ठेवावे, आणि रस्त्याच्या डाव्या कडेला थांबावे. मागचे चाक अडखळल्यासारखे वाटले, तर क्लच दाबून त्याच्याकडे जाणारी शक्ती ताबडतोब तोडावी आणि पुढच्या ब्रेकने बेताबेताने गाडी आणावी.

मुक्कामाला पोहोचल्यावर सारी पडशी रोज सोडून खोलीत नेणे जिवावर येते. थकलेला माणूस ती गाडीवरच ठेवतो, आणि मग चोराची काळजी रात्रभर करतो. यावर चांगली युक्ती म्हणजे प्रत्येक पिशवीत एक आतली पिशवी घालावी. बांधलेली पडशी गाडीवर राहते, आतले सामान उचलून नेता येते, आणि सकाळी फक्त पट्टे तपासायचे उरतात. ते मात्र तपासावेतच, कारण काल नाल्यात भिजलेले पट्टे रात्रीच्या कोरड्या हवेत वाळलेले असतात, आणि काल संध्याकाळची घट्ट बांधणी आज सकाळी तेवढीच घट्ट राहिलेली नसते.